परदेशी भाषा, घरी बसून, शून्यापासून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोण सांगतंय?

मी बँकेतून निवृत्त झालेली, पुण्यात सहकारनगरात राहणारी एक आजी. माझी लेक जर्मनीत, जावई जर्मन, म्हणजे विहीणबाईही जर्मन. लग्नात आम्ही दोघी चार दिवस एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. पाचव्या दिवशी माझे गाल दुखायला लागले, आणि मी ठरवलं की ही भाषा शिकायची. तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते, आता अठ्ठावन्न आहे. जर्मनची बी१ परीक्षा (सहा पायऱ्यांतली तिसरी) झाली, मग हौसेने जपानी सुरू केली आणि तिची पहिली पायरी, एन५, झाली. मध्ये फ्रेंच अर्ध्यात सोडली, त्याबद्दल पुढे येईलच. तळजाई टेकडीवर फिरताना तेच तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे.

पन्नाशी उलटली आहे. आता डोक्यात काही शिरेल का?

लोकमान्यांना १९०८ साली मंडालेला पाठवलं, तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. मधुमेह, परका मुलूख, तुरुंग, हे सगळं असताना त्यांनी तिथे ‘गीतारहस्य’ तर लिहिलंच, शिवाय जर्मन, फ्रेंच आणि पालीचा अभ्यास केला. तुमच्याकडे पंखा आहे, चहा आहे आणि खिशात इंटरनेट आहे.

या उदाहरणातली एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. टिळकांना त्या भाषांमधले ग्रंथ वाचायचे होते, बर्लिनच्या बाजारात जाऊन भाजी घ्यायची नव्हती. हेतू ठरलेला असला की अभ्यासातला निम्मा पसारा आपोआप गळतो. मला विहीणबाईंशी गप्पा मारायच्या होत्या, म्हणून मी पहिल्या वर्षी ऐकणं आणि बोलणं यावर जोर दिला. जर्मन वर्तमानपत्र तिसऱ्या वर्षापर्यंत उघडलंसुद्धा नाही. तुम्हाला कशासाठी शिकायचं आहे ते एका वाक्यात सांगता येत नसेल, तर आधी ते वाक्य शोधा. ‘छंद म्हणून’ हेही चालतं, पण मग कुठला छंद तेही सांगा. जपानी स्वयंपाक? स्पॅनिश फुटबॉल?

पोरांपेक्षा पाठांतर कमी होतं, हे खरं. पण आपल्याकडे चिकाटी असते आणि दुपारचा वेळ असतो.

क्लास न लावता खरंच येते का?

येते, पण एकट्याने सगळं आणि शेवटपर्यंत, असं नाही. पहिले सहा-आठ महिने घरी उत्तम जातात. त्यानंतर आपल्या चुका आपल्यालाच ऐकू येईनाशा होतात, तेव्हा कुणीतरी कान धरणारं लागतं. मी पहिलं वर्ष घरी काढलं, मग आठवड्यातून एकदा एका बाईंकडे फक्त बोलायला जात होते.

पुण्यात हा प्रश्न विचारणं म्हणजे देहूत राहून अभंग कुठे मिळतील असं विचारण्यासारखं आहे. जर्मनसाठी बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज आहे, आणि जपानी शिकवणारी मंडळी तर या शहरात पेठापेठांत सापडतात. तेव्हा ‘स्वतः शिकतो’ याचा अर्थ ‘कुणाचीच मदत घेणार नाही’ असा करू नका.

मात्र क्लास लावला म्हणजे भाषा येते, हाही गैरसमज आहे. मी त्याही आधी एका खासगी क्लासला तीन महिन्यांची फी आगाऊ भरली होती. तिथे पस्तीस जणांची बॅच, आणि माझ्या वाट्याला तासाभरात दीड वाक्य. बाकी वेळ फळ्यावरचं वहीत उतरवायचं. ते मला शाळेतही करता येत होतं.

कोणती भाषा निवडू?

जिच्यातलं एखादं माणूस, गाणं, खेळ किंवा नोकरी तुम्हाला रात्री अकरा वाजता पुस्तक उघडायला लावेल ती. ‘कोणत्या भाषेला स्कोप आहे’ हा प्रश्न मला विचारू नये.

किती दिवस लागतील?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परकीय भाषा शिकवते. कामकाज नीट करता येईल इतकी भाषा यायला त्यांच्या हिशेबाने स्पॅनिश-फ्रेंचला साधारण ६०० ते ७५० तास लागतात, जर्मनला ९०० च्या आसपास आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला २२००. हे वर्गातले तास झाले, आणि शिकणारा इंग्रजी मातृभाषेचा. रोज अर्धा तास काढलात तर वर्षाला होतात १८२. यापुढचा भागाकार तुम्हीच करा, म्हणजे ‘तीस दिवसांत अस्खलित’वाल्या जाहिराती बघून रक्तदाब वाढणार नाही.

पण तिथपर्यंत जायची गरज बहुतेकांना नसते. युरोपीय भाषांच्या पायऱ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा मोजतात. पहिल्या पायरीसाठी जर्मन शिकवणारी गोएथं संस्था (मॅक्स म्युलर भवन तिचंच) ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका धरते. रोज अर्धा-पाऊण तास बसणाऱ्याला हे वर्षाच्या आत जमतं. मला नऊ महिने लागले, त्यात एक गणपती, एक दिवाळी आणि सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन.

आणि वर जे तास सांगितले ते इंग्रजी माणसाचे आहेत. आपण मराठी माणसं, आपला हिशेब थोडा वेगळा आहे.

माझं इंग्रजी कच्चं आहे. आधी ते सुधारू का?

मुळीच नको. उलट, इंग्रजीतून शिकलात तर काही ठिकाणी विनाकारण अडखळाल.

माझ्या अनुभवाचं सार एवढंच आहे. बाजारातली बहुतेक पुस्तकं आणि ॲपं इंग्रजी माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. त्याला जे अवघड जातं ते त्यात ‘अवघड’ म्हणून ठळक छापलेलं असतं. आपण ते वाचून उगाच घाबरतो, आणि तीच गोष्ट आपल्या तोंडात लहानपणापासून आहे हे लक्षातच येत नाही. काही उदाहरणं देते.

स्पॅनिश शिकणारा इंग्रज ‘मे गुस्ता’ या रचनेपाशी आठवडाभर अडतो, कारण त्याच्या भाषेत ‘मी कॉफी आवडवतो’ अशा वळणाचं वाक्य असतं. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे मला कॉफी आवडते. आंबे अनेक असले तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’, म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. हे मराठी माणसाला शिकवायचं काय? जर्मनमध्येही ‘दास गेफेल्ट मिअर’ म्हणजे ते मला आवडतं, आणि ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणजे मला थंडी वाजते. हा ‘मला’ आपला घरचाच आहे.

जर्मनमध्ये पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, यावर इंग्रजी पुस्तकात आख्खा धडा असतो. ‘वाइल इह्य होइटं काइनं त्साइट हाबं.’ आता शब्दांखाली शब्द लिहा: कारण, मला, आज, वेळ नाही. तुमचं वाक्य त्याच क्रमाने आलं ना? साध्या वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं, आणि तिथे आपण चुकतो. माझी पहिल्या वर्षातली सगळी लाल शाई त्यासाठीच खर्च झाली.

जपानी तर याहून जवळची. ‘वाताशि वा राइश्यू पुने नि इकिमासु’, मी पुढच्या आठवड्यात पुण्याला जाते. ‘नि’ हा आपला ‘ला’, आणि तो शब्दाच्या मागेच लागतो. वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावतात तो आपला ‘ना’: ‘आत्सुइ देस ने’, गरम आहे ना! आपल्याकडे छाती धडधडते, तिकडे ‘दोकिदोकि’ करते. आपल्याकडे चांदण्या लुकलुकतात, तिकडे ‘किराकिरा’. अशा जोडशब्दांची सवय आपल्याला पाळण्यापासून आहे.

आकड्यांचंही तेच. जर्मनमध्ये एकवीस म्हणजे ‘एक आणि वीस’, पंचेचाळीस म्हणजे ‘पाच आणि चाळीस’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. जर्मन पोरं अजून आपल्या जुन्या पद्धतीनेच मोजतात. दुकानात किंमत सांगितली की मी मराठीतच ऐकते आणि बरोबर पैसे देते. माझी लेक इंग्रजी माध्यमाची, तिचे पहिल्या वर्षी पंचेचाळीस आणि चौपन्न यांत घोळ व्हायचे.

तेव्हा एक वही करा, पान उभं दुभागा. डावीकडे नवी भाषा, उजवीकडे मराठी. इंग्रजीला मध्ये बसायला खुर्ची देऊ नका.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर चालतील का?

पहिले पंधरा दिवस चालतील, किंवा अगदीच गरज असेल तर महिनाभर. वर मीही लिहिलेच आहेत, पण ते या पानापुरते.

देवनागरीची मदत कुठे होते ते आधी सांगते. मराठीत दोन ‘च’ आहेत, चिंचेतला आणि चाकातला. चाकातला ‘च’ जर्मनच्या ‘त्साइट’मध्ये आहे, रशियनमध्ये आहे, जपानीच्या ‘त्सु’मध्ये आहे. इंग्रजीवरून येणाऱ्याला शब्दाच्या सुरुवातीला तो काढायला कसरत करावी लागते. आपण ‘चमच्याने’ म्हणताना एका शब्दात दोन्ही काढतो. फ्रेंच आणि स्पॅनिशमधला टी हा ‘त’च्या जागी जीभ लावून काढायचा असतो, ‘ट’च्या नाही. शाळेत इंग्रजी टीला ‘ट’ लिहायची सवय लागली, म्हणून आपण फ्रेंचमध्येही टकटक करत सुटतो. जर्मन ‘इह्य’मधला शेवटचा आवाज ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जी हवा निसटते तिच्या जवळचा. ‘मी’ म्हणायला हा शब्द दिवसातून शंभरदा लागतो, तेव्हा तो ‘इश’ किंवा ‘इक’ करून टाकू नका.

आता देवनागरी कुठे फसवते ते. जर्मन आणि फ्रेंच दोन्हींत एक स्वर आहे जो आपल्याकडे नाही: तोंडात ‘ई’ म्हणायचं आणि ओठांचा चंबू ‘ऊ’चा करायचा. याला आपण ‘यु’ लिहितो आणि कायमचं ‘यु’च म्हणत राहतो. आरशासमोर उभं राहून करा. घरातले हसतील, दार लावून घ्या.

आणि सगळ्यात मोठा सापळा इंग्रजी अक्षरांचा. ए१च्या तोंडी परीक्षेत आपलं नाव सांगायचं असतं आणि परीक्षक त्याचं स्पेलिंग विचारू शकतात. जर्मनमध्ये जे अक्षराचं नाव ‘योट’, व्हीचं ‘फाउ’, आणि आपण ज्याला ‘ई’ म्हणतो ते तिथे ‘ए’. ‘ई’ म्हटलं की ते आय लिहितात. माझ्या आडनावात हे सगळे नग आहेत. सहा महिने व्याकरण घोटून गेलेली मी, स्वतःचं आडनाव सांगताना तीनदा अडखळले, आणि शेवटी समोरच्यांच्या कागदावर जे उमटलं ते कुठल्याही गोत्रात बसणारं नव्हतं. पास झाले, पण रिक्षात घरी येईपर्यंत योट-फाउ-ए पुटपुटत होते.

व्याकरण पाठ करावं का?

तक्ते पाठ करू नका, वाक्यं करा. ‘स, ला, ते’ घोकून आपल्यापैकी कुणी मराठी बोलायला शिकलेलं नाही. तो तक्ता शाळेत पुढे आला तो आधीच येत असलेल्या भाषेला नावं देण्यासाठी.

लिंगाचं मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून हिंदीवाले आणि इंग्रजीवाले कपाळाला हात लावतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, ‘दास मेटह्यन’, यावर जगभर विनोद होतात. पण त्यात ‘-ह्यन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द ‘ते’ होतो. मराठीत लेकरू, कोकरू, वासरू, पाखरू ही सगळी ‘ते’च आहेत की! मालवणीत तर मुलीला चेडू म्हणतात, आणि तेही ‘ते’च. विहीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

फक्त आपली लिंगं तिकडे लावू नका. आपला सूर्य तो आणि चंद्रही तो. जर्मनांचा सूर्य ती, चंद्र तो. फ्रेंचांचं बरोबर उलटं. शब्द पाठ करताना सुटा करायचाच नाही, त्याच्या आधीचं ‘तो-ती-ते’ घेऊनच करायचा.

शब्द लक्षात राहत नाहीत. काय करू?

विसरणं हा तुमचा एकट्याचा दोष नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली ते मांडून ठेवलं: पाठ केलेलं पहिल्या काही तासांत झपाट्याने जातं, नंतर गळतीचा वेग कमी होतो. प्रत्येक उजळणीनंतर ते जास्त दिवस टिकतं. म्हणून उजळणी रोज सारखी नको, अंतर वाढवत न्यायची.

याची सोपी रीत लाइटनर नावाच्या लेखकाने १९७२ मध्ये सांगितली, खोक्यांची. माझी देशी आवृत्ती अशी. लग्नपत्रिका घरात येतात, त्यांच्या जाड कागदाची कोरी बाजू कापून कार्डं करा. एका बाजूला परका शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. मिठाईचा रिकामा खोका घ्या आणि पुठ्ठे लावून त्यात पाच कप्पे करा. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला की थेट पहिल्यात. माझ्या खोक्याला अजून बाकरवडीचा वास येतो आणि मला काही जर्मन शब्द त्या वासानेच आठवतात.

हेच काम मोबाइलवर करायचं असेल तर ‘आंकी’ आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट. जपानीत ‘आंकी’ म्हणजे पाठांतर. दुसऱ्यांनी केलेले तयार गठ्ठे मात्र उतरवून घेऊ नका. कार्ड लिहिताना जे डोक्यात बसतं, ते फुकटच्या गठ्ठ्यात मिळत नाही.

दिवसाला दहा नवे शब्द पुरेत. पहिल्या उत्साहात पन्नास घ्याल, दहाव्या दिवशी उजळणीचा डोंगर होईल आणि खोका माळ्यावर जाईल.

नुसत्या ॲपवर होईल का?

नाही. सलग दिवसांचा आकडा वाढतो, भाषा तेवढी वाढतेच असं नाही. रिक्षात, डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत, ठीक आहे.

फुकट काय मिळतं?

जर्मनसाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे अभ्यासक्रम फुकट आहेत, आणि हळू वाचलेल्या बातम्याही. फ्रेंचसाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या मिळतात. जपानीसाठी एनएचके या जपानी प्रसारण संस्थेचे धडे आणि सोप्या जपानीतल्या बातम्या. जुनी पुस्तकं हवी असतील तर अप्पा बळवंत चौकात एक दुपार घालवा, मात्र सोबत ध्वनिफीत मिळणार नसेल तर पुस्तक परत ठेवा. आवाजाविना भाषेचं पुस्तक म्हणजे वासाविना उदबत्ती.

बोलायला कुणीच नाही. मग?

मलाही नव्हतं. पहिले सहा महिने मी भिंतीशी, फ्रिजशी आणि कुंडीतल्या कढीपत्त्याशी जर्मन बोलले. यात विनोद काही नाही. स्वयंपाक करताना जे हात करतात ते तोंडाने बोलायचं: मी कांदा चिरते, आता पाणी तापतंय, मीठ कुठे ठेवलं? ‘मीठ’ आठवलं नाही की गॅस बारीक करून शब्द शोधायचा. असा शोधलेला शब्द पुन्हा जात नाही, कारण त्याची खरोखरच गरज पडलेली असते.

दुसरं म्हणजे मागोमाग बोलणं. एक मिनिटाचा संवाद लावायचा आणि बोलणाऱ्याच्या अर्धा श्वास मागे राहून तसाच्या तसा म्हणायचा, चढउतारांसकट. आपण हे जाणतो. आरत्या आपण अर्थ कळायच्या आधी अशाच शिकलो. फक्त आरतीत जसं ‘लवथवती विक्राळा’ आयुष्यभर अंदाजाने म्हटलं, तसं इथे करू नका. म्हणून झाल्यावर लिखित संवाद उघडून ताडून बघा.

मग स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करा. पहिल्यांदा ऐकवत नाही. महिन्याने तोच उतारा पुन्हा म्हणा आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐका.

हल्ली मोबाइलमधल्या एआयशीही बोलता येतं. लाज वाटत नाही, हा मोठा फायदा. पण ते फार समजूतदार असतं, तुमचं मोडकंतोडकंही गोड मानून घेतं. बेकरीतली घाईची बाई तसं करत नाही.

माणसं हवी असतील तर पुण्यात मिळतात. विद्यापीठात परदेशी विद्यार्थी भरपूर आहेत, आणि त्यातल्या काहींना मराठी-हिंदी शिकायची असते. अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास आपली, हा सरळ व्यवहार आहे. कोरेगाव पार्कात दिसणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाला थांबवून ‘गुटन टाग’ म्हणू नका. मी म्हटलं होतं. तो इस्रायलचा निघाला.

अकरावी-बारावीला जर्मन होतं, ऐंशीच्या वर मार्क होते. आता एक वाक्य येत नाही. असं कसं?

हा खास पुणेरी प्रश्न आहे. मार्कांसाठी घेतलेली भाषा मार्क मिळाले की आपलं काम झालं असं समजून निघून जाते. पण ती पूर्ण गेलेली नसते. पहिल्या पुस्तकापासून पुन्हा सुरू करा, पहिला आठवडा भराभर जाईल. फक्त ‘मला हे येतं’ म्हणून धडे गाळू नका. तुम्ही तेव्हा वाचलं होतं, ऐकलं नव्हतं.

जपानीच्या लिपीची भीती वाटते.

लिप्या तीन. हिरागाना आणि काताकाना ४६-४६ अक्षरांच्या, आणि तिसरी कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं. पहिल्या दोन आपल्याला ओळखीच्या वाटतील. त्यांचा क्रम बघा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली बाराखडी ऐकू आली ना? बौद्ध भिक्खूंच्या संस्कृत अभ्यासाबरोबर ही मांडणी तिकडे पोचली. मला एकेक लिपी बसायला दहा-दहा दिवस लागले.

कांजीची भीती मात्र खरी आहे, तिथे मराठी काही मदत करत नाही. रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली यादीच २१३६ अक्षरांची आहे. रोज दोन-तीन काढत राहायची, तेही हाताने. मी शंभरेकांवर दमले आणि तिथेच रमले. सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा उद्यानातल्या पाट्यांजवळ उभी राहून एखादं अक्षर ओळखता आलं, तरी मला आठवडा पुरतो.

परीक्षा द्यावी का?

द्यावी. प्रमाणपत्राची गरज नसली तरी तारीख ठरते, आणि तारीख ठरली की आपण बसतो. जर्मनच्या ए१ला १०० पैकी ६० लागतात. बी१ चार भागांत आहे: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. माझं ऐकणं राहिलं होतं.

जपानीची जेएलपीटी ही परीक्षा जुलैत आणि डिसेंबरात असते, पुण्यात केंद्र आहे. पायऱ्या एन५ ते एन१, आकडा उतरतो तशी परीक्षा चढते. त्यात बोलायची किंवा लिहायची परीक्षाच नाही, सगळे पर्याय निवडायचे. त्यामुळे एन३ झालेला पण जपानी माणूस समोर आला की पाणी मागता न येणारा विद्यार्थी आपल्या शहरात दुर्मीळ नाही.

मध्येच सोडून दिली तर?

मी फ्रेंच सोडली. ऐंशीला ‘चार वीस’ आणि नव्वदला ‘चार वीस दहा’ म्हणतात, इथवर मजा वाटली. पण फ्रेंच बोलायला माझं कुणीच नव्हतं, आणि पुस्तक उघडायचं कारण रोज नव्याने शोधावं लागत होतं. पाच महिन्यांनी पुस्तक शेजारच्या मुलीला दिलं. त्यात पाप काही नाही. दोन आठवड्यांचा खंड मात्र सोडणं नव्हे. लग्नसराईत तसं होतंच. परत बसाल तेव्हा नवा धडा घेऊ नका, जुना ऐका.

विहीणबाईंशी आता जमतं का?

जमतं. एक अडचण वेगळीच आली. जर्मनमध्ये आपल्या ‘तुम्ही’ला ‘झी’ आणि ‘तू’ला ‘डू’ आहे, आणि झीवरून डूवर यायचं आमंत्रण सहसा वयाने मोठ्या माणसाने द्यायचं असतं. त्या माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. दुसऱ्या भेटीत त्यांनी कॉफी ओतताना म्हटलं, आपण आता डू म्हणू या. व्याकरण मला येत होतं, पण विहिणीला अरे-तुरे करायला जीभ उचलेना. आमच्या घरात सासूबाईंनी माझ्या आईला चाळीस वर्षं ‘अहो’ म्हटलं आहे. तो आख्खा दिवस मी सर्वनामाशिवाय वाक्यं करत काढला, म्हणजे जर्मनमध्ये जवळजवळ अशक्य असलेली गोष्ट केली. संध्याकाळी लेकीने समजावलं की तू ‘डू’ म्हटलं नाहीस तर त्यांना वाटेल तू हात मागे घेतलास. मग म्हटलं. मनात अजून ‘अहो’च असतं.

उद्यापासून सुरू करते आहे. पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

पाऊण तास पुरे. पंधरा मिनिटं नुसतं ऐका, काही कळणार नाही, कळायला नकोच. कुठला आवाज मराठीत नाही तेवढा पकडा. मग नमस्कार, माझं नाव अमुक, मी पुण्यात राहते, ही तीन वाक्यं आवाजाच्या मागोमाग वीसवेळा म्हणा. वहीचं पान दुभागून ती लिहा, उजवीकडे मराठी. आपल्या नावाची अक्षरं त्या भाषेत कशी म्हणतात ते शोधून काढा आणि आडनावासकट पाठ करा, कारण सांगितलंच आहे वर. उरलेल्या वेळात लग्नपत्रिका कापायला घ्या. ज्यांच्या लग्नाला जायचं बाकी आहे, त्यांच्या सोडून.